समाजमाध्यमांवरील दुकानदारी

बेळगावचा शनिवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना व्यापार म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. सकाळपासून आसपासच्या खेड्यांतून भाजीच्या पाट्या येऊ लागतात, रस्त्याच्या दोन्ही अंगांस माल मांडला जातो आणि ऊन चढेपर्यंत चालावयासही जागा उरत नाही. गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहते, दरासाठी घासाघीस करते आणि मागल्या खेपेस नेलेला माल चांगला लागला असेल, तर शेजारच्या दहा पाट्या ओलांडून त्याच पाटीपुढे पुन्हा येऊन उभे राहते. या साऱ्या गडबडीत एक गोष्ट मुकाट्याने आपले काम करीत असते. तिला आपल्या भाषेत 'पत' असे म्हणतात.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या बाजाराची माहिती देणार आहोत, तेथे पाटी नाही, तराजू नाही आणि गिऱ्हाइकाचे तोंडही दिसत नाही. तो बाजार म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप इत्यादी समाजमाध्यमांवर चालणारा व्यापार होय. या विषयाकडे आम्ही वळलो ते केवळ कुतूहलाने नव्हे. आम्हां चौघांपैकी एकीच्या वडिलांची उद्यमबागेतील नोकरी गतवर्षी सुटली. थोरल्या बहिणीचे महाविद्यालयाचे शुल्क भरावयाचे होते आणि घरात मिळकतीचे दुसरे साधन नव्हते. काकूंच्या हातची शेंगांची, जवसाची व कारळाची चटणी आमच्या गल्लीत प्रसिद्ध होती. तीच विकावी, आणि पुण्या-मुंबईस किंवा बंगळूरला राहावयास गेलेल्या बेळगावकरांपर्यंत ती पोहोचवावी, असे ठरले. दिवाळीच्या सुट्टीत फोन व हिशेबाची वही सांभाळण्याचे काम आम्हां चौघांकडे आले. त्या कामात आम्ही जे वाचले, जे अनुभवले आणि जेथे ठेचकाळलो, ते वाचकांपुढे क्रमाने मांडीत आहोत.

माध्यमे कोणती व त्यांचा चरितार्थ कशावर

फेसबुकची स्थापना २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मार्क झुकरबर्ग व त्यांच्या सहाध्यायांनी केली. आरंभी ते केवळ विद्यार्थ्यांपुरते होते. २००६ साली ते १३ वर्षांवरील सर्वांस खुले झाले. यूट्यूब २००५ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये निघाले. पुढे फेसबुक कंपनीने २०१२ साली इन्स्टाग्राम आणि २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतले. २०२१ साली त्या कंपनीने आपले नाव बदलून 'मेटा' असे ठेवले. तात्पर्य, आपण ज्यांस तीन निरनिराळे बाजार समजतो, त्यांचा मालक एकच आहे.

या माध्यमांवर खाते उघडण्यास पैसा पडत नाही. मग एवढा मोठा कारभार चालतो तरी कशावर, असा प्रश्न कोणासही पडेल. त्याचे उत्तर जाहिरात हे आहे. मेटा कंपनीच्या उत्पन्नाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग जाहिरातींतून येतो. मनुष्य जितका अधिक वेळ तेथे रमेल, तितक्या अधिक जाहिराती त्याच्या डोळ्यांखालून जातील, असा हा हिशेब आहे. हा हिशेब नीट ध्यानात ठेवला म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्ट यांसारख्या विक्रीस्थळांहून समाजमाध्यमे एका बाबतीत अगदी निराळी आहेत. विक्रीस्थळावर येणारे गिऱ्हाईक काही तरी घेण्याचे मनात योजूनच येते. त्याला वस्तू सापडून देणे एवढेच काम उरते. समाजमाध्यमांवरील मनुष्य मात्र भावंडांची छायाचित्रे पाहावयास, मित्रांशी चार शब्द बोलावयास किंवा घटकाभर करमणूक करून घ्यावयास आलेला असतो. त्याच्या त्या गप्पांत आपण आपला माल घेऊन शिरत असतो. लग्नघरात पाहुणे बोलत बसले असता कोणी एकदम मध्ये उभा राहून 'चटणी घ्या, चटणी' असे ओरडू लागला, तर त्याचे जसे स्वागत होईल, तसेच येथेही होते. आरंभीचे आठ दिवस आम्ही नेमके हेच करीत होतो.

चित्र कोणापर्यंत पोहोचते

आम्ही चटणीच्या डब्यांची छायाचित्रे काढली, त्यांवर दर लिहिला आणि दिवसातून चार-चार वेळा ती इन्स्टाग्रामवर टाकली. दहा-पंधरा नातलगांवाचून ती कोणी पाहिली नाहीत. आपले चित्र आपल्या सर्व ओळखीच्यांस दिसतेच, अशी आमची समजूत होती. ती चुकीची ठरली.

पूर्वी इन्स्टाग्रामवर जे आधी टाकले ते आधी, जे मागून टाकले ते मागून, असा काळाचा क्रम असे. २०१६ साली तो क्रम बदलण्यात आला. आता कोणाला काय दाखवावे हे संगणकीय गणित ठरविते. त्यास अल्गोरिदम असे म्हणतात. हे गणित प्रत्येक मनुष्याच्या पूर्वीच्या वर्तनाची नोंद ठेवते: तो कोणत्या चित्रावर किती वेळ थांबला, कोणते त्याने दुसऱ्यास पाठविले, कोणते जपून ठेवले, कोणाशी तो वारंवार बोलतो. त्यावरून त्यास पुढे काय आवडेल याचा अंदाज बांधून तेच त्याच्यापुढे वर आणले जाते. नवे चित्र आधी थोड्या लोकांस दिसते. त्यांनी ते थांबून पाहिले तर आणखी लोकांस दाखविले जाते, आणि त्यांनी दुर्लक्ष केले तर ते तेथेच मागे पडते. मनुष्यास गुंतवून ठेवण्यावर ज्यांचा चरितार्थ आहे, ते गुंतवून ठेवणाऱ्या गोष्टीसच वर आणणार, हे उघड आहे.

एके दिवशी काकू कारळे भाजीत असता आमच्यातील एकाने सहज त्याचे चाळीस सेकंदांचे चलच्चित्र घेतले. आच मंद का ठेवावी, कारळे तडतडू लागले की कढई केव्हा उतरावी, आणि ते करपले तर चटणी कडू कशी होते, हे काकू आपल्या नेहमीच्या बोलीत सांगत होत्या. ते चित्र दोन दिवसांत गावाबाहेरच्या शेकडो अनोळखी लोकांनी पाहिले. कित्येकांनी ते आपल्या बहिणींस व सुनांस पाठविले. खाली प्रश्नही आले: लसूण केव्हा घालावा, चटणी किती दिवस टिकते, तिखट कोणते वापरता. काकूंनी सांगितलेली उत्तरे आम्ही लिहिली. त्या उत्तरांतूनच पहिल्या अकरा मागण्या आल्या. 'घ्या, घ्या' म्हणून एकही मागणी आली नव्हती. जी कृती काकू फुकट शिकवीत होत्या, तिने गिऱ्हाईक आणले.

ही युक्ती नवी आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्या बेळगावातच १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी सायकलींच्या दुकानाने आपल्या उद्योगाचा आरंभ केला. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर पडून राहिले. ती समजूत घालविण्यास वेळ व चिकाटी लागली. त्याच कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक काढले. शंकरराव किर्लोस्करांनी ते चालविले. मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी हा त्यामागील एक हेतू होता. परंतु त्यात लोकांस उपयोगी व वाचनीय असा मजकूर येऊ लागला, आणि पुढे त्यातूनच मराठीतील एक नामांकित मासिक उभे राहिले. वाचकाच्या हाती आधी काही उपयोगाचे द्यावे, मग आपल्या मालाचे नाव काढावे, हे सूत्र त्या काळच्या छापखान्यात होते आणि आजच्या फोनमध्येही तेच आहे.

पैसे भरूनही माध्यमांवर जाहिरात देता येते. कोणत्या गावच्या, किती वयाच्या व कोणत्या आवडीच्या लोकांस ती दिसावी हे आपण सांगू शकतो, आणि त्या जागेसाठी जाहिरातदारांत एक प्रकारचा लिलाव होतो. आम्ही ३०० रुपये खर्चून एक जाहिरात दिली. ती पुष्कळांस दिसली, पण मागण्या दोनच आल्या. कारण आम्ही 'सर्व कर्नाटक व महाराष्ट्र' असा पसारा मांडला होता. पुढील खेपेस तेवढ्याच पैशांत केवळ पुणे शहर निवडले व भाकरी-चटणीची आठवण काढणारे चित्र लावले, तेव्हा नऊ मागण्या आल्या. थोडक्या पैशांत सगळ्या जगास हाक मारण्यापेक्षा एका गल्लीस नीट हाक मारावी, हा धडा आम्ही त्यावरून घेतला.

संभाषण, दर आणि हिशेब

चित्र पाहून मनुष्य विचारपूस करतो ती बहुधा व्हॉट्सॲपवर. लहान व्यापाऱ्यांसाठी २०१८ साली व्हॉट्सॲप बिझनेस नावाचे निराळे ॲप निघाले. त्यात मालाची चित्रे व दर यांची सूची ठेवता येते, दुकानाची वेळ व पत्ता लिहिता येतो आणि नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात. काही विक्रेते दर उघड लिहीत नाहीत. 'दरासाठी निरोप पाठवा' असे सांगतात. आम्हीही तसे करून पाहिले. दहा विचारणाऱ्यांपैकी सहा दर ऐकून गप्प होत, आणि त्या सहांस उत्तरे देण्यात संध्याकाळ जाई. दर उघड लिहिल्यावर विचारणारे कमी झाले. घेणारे मात्र तेवढेच राहिले.

आमची सर्वांत मोठी चूक दराचीच झाली. ती आकड्यांनिशी सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. २५० ग्रॅम शेंगांच्या चटणीस दाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ मिळून ४८ रुपये, गॅस व वीज ६ रुपये आणि डबा, लेबल व खोका १२ रुपये, असा एकूण ६६ रुपये खर्च येत असे. आम्ही दर ११० रुपये ठेवला आणि इतरांचे पाहून 'घरपोच मोफत' असे ठसठशीत लिहिले. पुण्यास एक डबा पाठविण्यास सरासरी ५५ रुपये लागत. म्हणजे ११० रुपये हाती यावयाचे आणि १२१ रुपये जावयाचे! दर डब्यामागे ११ रुपये पदरचे घालून आम्ही ४० डबे विकले आणि मागण्या वाढत आहेत म्हणून आनंद मानीत राहिलो. महिनाअखेर वही मांडली तेव्हा ४४० रुपयांची खोट निघाली. काकूंच्या मजुरीचा तर त्यात हिशेबच नव्हता.

मग आम्ही पद्धत बदलली. डब्याचा दर १२० रुपये केला, एका वेळी किमान चार डबे घ्यावेत असा नियम केला आणि पाठवणीचे ९० रुपये निराळे व उघड लिहिले. काकू एका तासात चार डबे करतात. तासाचे ६० रुपये धरले तर डब्यामागे मजुरी १५ रुपये पडते. १२० मधून ६६ आणि १५ वजा जाता ३९ रुपये उरतात. तेवढ्यात फुटतूट, एखादी फेरपाठवणी व जाहिरात भागते आणि थोडे शिल्लक राहते. घरच्या माणसाच्या श्रमास किंमत धरावयाची नाही, ही आपल्याकडील जुनी खोड आहे. तिच्यामुळे कित्येक घरगुती व्यवसाय वरून भरभराटलेले दिसत असूनही आतून रिते होतात.

पैशाची देवघेव व फसवणूक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे टपालखात्याची व्ही.पी.ची सोय सुरू झाली. आमच्या आजोबांच्या पिढीने पुस्तके व औषधे याच मार्गाने मागविली. टपालवाला पुडके देई, पैसे घेई आणि ते विक्रेत्यास पोहोचवी. एकमेकांस न पाहिलेल्या दोन माणसांमधील अविश्वास सरकारी खाते अशा रीतीने दूर करीत असे. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने यूपीआय ही पद्धत सुरू केली, आणि एका बँकेतील पैसा दुसऱ्या बँकेत क्षणार्धात जाऊ लागला. घरगुती व्यापाराला या सोयीने मोठे बळ दिले. परंतु येथे मध्ये टपालवाला उभा नाही. डोळे उघडे ठेवण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

एका सायंकाळी एका गृहस्थाने आठ डबे मागितले. पैसे भरल्याचे चित्र पाठविले आणि 'माणूस रिक्षाने पाठविला आहे, त्याजवळ पुडके द्या' असा निरोप दिला. चित्रावर ९६० रुपयांचा आकडा, तारीख व वेळ सारे व्यवस्थित होते. घाईघाईने आम्ही पुडके दिले. रात्री बँकेचे खाते पाहतो तो त्यात पैसे नाहीत! ते चित्र बनावट होते. गृहस्थाचा फोन त्यानंतर लागला नाही. काकू रागावल्या नाहीत. पण त्या रात्री त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी काढलेले दाणे परत डब्यात ओतून ठेवले, ते आम्ही अद्याप विसरलो नाही.

त्यानंतर आम्ही दोन नियम भिंतीवर लिहून लावले. पहिला असा, की समोरच्याने पाठविलेले चित्र म्हणजे पैसा नव्हे; आपल्या खात्यात रक्कम जमा झालेली स्वतः पाहिल्याखेरीज माल हलवावयाचा नाही. दुसरा असा, की पैसे घेण्यासाठी गुप्त क्रमांक कधीही टाकावा लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नव्हे. 'पैसे मिळविण्यासाठी हे चिन्ह स्कॅन करून पिन टाका' असे जो सांगतो, तो लुबाडण्यासाठीच सांगतो. अशी फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. बँकेतील रक्कम पुढे सरकण्यापूर्वी कळविले, तर ती अडविली जाण्याचा संभव अधिक असतो.

एक तक्रार आणि तिचे उत्तर

आता आम्ही या लेखातील मुख्य गोष्टीकडे येतो. नोव्हेंबरात पाठविलेल्या एका पुडक्यात तेल गळून खोका भिजला आणि चटणीस खवट वास आला. पुण्याच्या त्या बाईंनी खाजगी निरोप न पाठविता आमच्या चित्राखालीच, सर्वांस दिसेल असे लिहिले: माल खराब आहे, पैसे वाया गेले. ते वाचून आमचे धाबे दणाणले. त्या आठवड्यात ज्यांनी दर विचारला होता त्यांच्यापैकी दोघांनी 'नंतर सांगतो' असे कळविले.

आम्हां चौघांची सभा भरली. एकाने सुचविले की ती तक्रार पुसून टाकावी. दुसऱ्याने त्याहून पुढे जाऊन म्हटले, की आपल्या दहा मित्रांकडून निरनिराळ्या नावांनी स्तुती लिहवून घ्यावी, म्हणजे तक्रार खाली दबून जाईल. ही सूचना आम्हां सर्वांस पसंत पडली, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. काकूंस सांगावयास गेलो, तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "चटणी खवट झाली होती की नाही रे? मग तिनं लिहिलं त्यात खोटं काय?"

पुढे वाचनात आले, की आम्ही जे करावयास निघालो होतो ते कायद्यानेही वर्ज्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये २०२० साली जे ई-वाणिज्य नियम करण्यात आले, त्यांत विक्रेत्याने स्वतः ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्या मालाविषयी अभिप्राय लिहू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु काकूंनी कायदा वाचलेला नव्हता. त्यांनी आमच्याकडून त्याच जागी, सर्वांस दिसेल असे उत्तर लिहविले. चूक आमची आहे. डब्याचे झाकण घट्ट नव्हते. आपले पैसे आजच परत करीत आहोत. नव्या डब्यातून नवी चटणी पाठवीत आहोत, ती गोड मानून घ्यावी. झाकणाच्या आत कागदी चकती बसविण्यास त्या दिवसापासून आरंभ झाला. त्यामुळे दर डब्यामागे एक रुपया वाढला. तो काकूंनी आपल्या ३९ रुपयांतून सोसला.

दहा दिवसांनी त्या बाईंनी त्याच ठिकाणी दोन ओळी लिहिल्या आणि पुन्हा सहा डबे मागविले. त्या दोन ओळी वाचून आणखी किती जणांनी मागण्या नोंदविल्या हे नेमके सांगता येत नाही. मात्र 'तुमचे ते उत्तर वाचले' असे आम्हांस डिसेंबरात पाच जणांनी आपण होऊन सांगितले. माध्यम फार तर चार अनोळखी माणसांशी आपली ओळख घालून देते. त्या ओळखीवर पत उभी करणे हे विक्रेत्याच्या वागणुकीवर राहते, आणि ती वागणूक येथे सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असते.

कायद्याची चौकट

खाद्यपदार्थ घरी करून विकावयाचे असले, तरी अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. त्याखेरीज घटकपदार्थ, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, आणि तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता यांचाही निर्देश हवा. हा केवळ उपचार आहे असे आम्हांस आधी वाटे. पण पुण्यातील अनोळखी गिऱ्हाईक जेव्हा लेबलावर पत्ता पाहते, तेव्हा उद्या काही बिनसले तर दार कोणाचे ठोठवावे हे त्यास कळते. ग्राहकास तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांकही उपलब्ध आहे.

विद्यार्थी वाचकांस येथे एक इशारा दिला पाहिजे. बँकेचे खाते, नोंदणी आणि माध्यमांवरील दुकानाचे खाते ही वडीलधाऱ्यांच्याच नावे असावीत. आमचे काम छायाचित्रे घेण्याचे, उत्तरे लिहिण्याचे व वही मांडण्याचे होते. पैशास हात काकूंचाच लागे. गिऱ्हाइकांचे पत्ते व फोन क्रमांक आपल्यापाशी विश्वासाने आलेले असतात. ते दुसऱ्या कोणास देऊ नयेत. आणि रात्री अकरा वाजता आलेल्या प्रश्नाचे उत्तर सकाळी सात वाजता दिले तरी चालते, हे आम्ही सहामाहीचे गुण पाहिल्यावर शिकलो.

परक्याची जागा

शेवटचा मुद्दा जागेचा. समाजमाध्यमांवरील दुकान फुकट मिळते. परंतु ती जागा आपली नसते, आणि मालक नियम केव्हा बदलील हे आपल्या हाती नसते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले, की यापुढे व्यापारी पानांपेक्षा मित्रांच्या व कुटुंबीयांच्या मजकुरास अग्रस्थान मिळेल. ज्यांनी वर्षानुवर्षे खपून पाने उभारली होती, त्यांचा मजकूर पूर्वीपेक्षा थोड्या लोकांपर्यंत पोहोचू लागला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. सरकारची कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती. पण ज्यांची सारी ओळख त्या एकाच ठिकाणी साठली होती, ते पाहता पाहता निराधार झाले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास जगभर बंद पडली. तिन्ही बाजार एकाच मालकाचे असल्याचा अर्थ त्या दिवशी सर्वांस कळला.

येथे पुन्हा किर्लोस्करांची आठवण होते. बेळगावात त्यांचा कारखाना जम बसवीत असतानाच नगरपालिकेने ती जागा सोडावयास सांगितली. त्यांनी हताश न होता औंधच्या राजेसाहेबांच्या साहाय्याने कुंडलजवळच्या उजाड माळावर १९१० साली नवा संसार मांडला. तीच आजची किर्लोस्करवाडी. जागा गेली, तरी हातचे कसब आणि लोकांतील नाव ही दोन्ही त्यांच्याबरोबर गेली, म्हणून नव्या ठिकाणी पुन्हा उभे राहता आले.

आपल्या लहानशा व्यवसायातही बरोबर नेण्याजोगे असे काही तरी असले पाहिजे. काकूंपाशी ते आहे. ती दोनशे पानांची एक साधी वही आहे. तीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव, गाव, फोन क्रमांक, कोणती चटणी नेली, तिखट कमी हवे की अधिक, मागील खेपेस काय म्हणाले, हे सारे काकूंच्या हस्ताक्षरात आहे. संगणकाच्या कोष्टकात आम्ही तिची नक्कलही करून ठेवली आहे. उद्या इन्स्टाग्राम बंद पडले, तरी काकू त्या वहीवरून एकेकास फोन करू शकतील. आज तीत १३७ नावे आहेत. त्यांपैकी ५२ जणांनी दोन किंवा अधिक वेळा माल मागविला आहे. आमच्या चित्रांस हजारो लोकांनी पसंती दर्शविली असेल. घर चालते ते या ५२ जणांवर.

आम्ही काही मोठे यश मिळविले, असे सांगण्याचा हेतू नाही. अजून महिन्याची मिळकत काकांच्या पूर्वीच्या पगाराच्या निम्मीही होत नाही. परंतु ताईच्या दुसऱ्या सत्राचे शुल्क जानेवारीत वेळेवर भरले गेले, आणि काका आता पुडकी बांधून टपालात नेण्याचे काम आनंदाने करतात. वाचकांपैकी कोणाच्या घरी असे एखादे कसब असेल, शिवण, लोणची, भरतकाम किंवा आणखी काही, तर त्यांनी ते जरूर या बाजारात न्यावे. मात्र फोन हाती घेण्यापूर्वी एक वही विकत आणावी, तिच्या पहिल्या पानावर खर्चाचा खराखुरा हिशेब मांडावा आणि दुसऱ्या पानापासून गिऱ्हाइकांची नावे लिहावयास आरंभ करावा. आमचे ४४० रुपये आणि ते आठ डबे ज्या शिकवणीत खर्ची पडले, ती त्यांना या लेखाच्या वाचनाने फुकट मिळाली, तर आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.